शेअरपॉइंट अडलं की आधी रीस्टार्ट नको, आधी तो लांबलचक नंबर घ्या

शेअरपॉइंट म्हणजे कंपनीच्या फाइल आणि अंतर्गत साइट ठेवायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर. ते सांभाळणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त वेळा येणारा मेसेज म्हणजे "साइट चालत नाहीये". बस, एवढंच. कुठली साइट, कुठलं पान, कधीपासून, फक्त तुमच्याकडे की सगळ्यांकडे, काही पत्ता नाही. सोबत एक फोटो असतो, तोही मोबाइलने मॉनिटरचा काढलेला, तिरका, त्यात "सॉरी, समथिंग वेंट रॉंग" एवढं दिसतं आणि खालचा जो भाग खरंच कामाचा होता तो नेमका कापलेला. मग आपला हात कुठे जातो, तर सर्व्हरवर जाऊन आयआयएस रीसेट मारायला, म्हणजे वेब सर्व्हर बंद करून चालू करायला. मीही बरीच वर्षं तेच करायचो. बऱ्याचदा साइट चालूही व्हायची, युजर थँक्यू म्हणायचा, आणि दोन दिवसांनी तीच बोंब परत. कारण मूळ भानगड तशीच होती आणि ती कुठून आली हे शोधायचे कष्ट मी घेतलेलेच नसायचे.

तर तो कापला गेलेला भाग म्हणजे कोरिलेशन आयडी. ३६ अक्षरांची ती आकडे-अक्षरांची माळ, मध्ये मध्ये डॅश. युजरला वाटतं हा काहीतरी कचरा आहे, पण आपल्यासाठी सगळा मुद्देमाल तिथेच आहे. का, ते समजायला आधी एक पान उघडताना आत काय होतं ते थोडक्यात बघू.

युजर लिंकवर क्लिक करतो. ती विनंती आधी विंडोजच्या वेब सर्व्हरकडे म्हणजे आयआयएसकडे जाते. तिथून शेअरपॉइंटच्या कोडकडे, जो डब्ल्यू३डब्ल्यूपी नावाच्या प्रोसेसमध्ये चालतो. तो कोड एसक्यूएल सर्व्हरकडे जातो, कारण तुमची सगळी डॉक्युमेंटं, लिस्टा, परवानग्या, सगळं शेवटी एसक्यूएलच्या डेटाबेसमध्येच बसलेलं असतं. बाजूला सर्च आहे, युजर प्रोफाइल आहे, कॅश आहे, आणि टायमर सर्व्हिस आहे जी मागच्या बाजूला वेळापत्रकाप्रमाणे कामं उरकत असते. फाइल कशी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते तसंच. आणि त्या फाइलवर आत येतानाच एक आवक नंबर पडतो, मग ती कुठल्याही टेबलावर अडली तरी त्या नंबराने शोधता येते. कोरिलेशन आयडी म्हणजे तो आवक नंबर. स्क्रीनवरचं "समथिंग वेंट रॉंग" हे फक्त शेवटच्या टेबलावरच्या माणसाने हात वर केलेत एवढंच सांगतं, फाइल कुठे अडली हे नाही.

प्रत्येक टेबलावरची नोंद होते ती शेअरपॉइंटच्या स्वतःच्या नोंदवहीत, म्हणजे यूएलएस लॉगमध्ये. सर्व्हरवर प्रोग्रॅम फाइल्स, कॉमन फाइल्स, मायक्रोसॉफ्ट शेअर्ड, वेब सर्व्हर एक्स्टेन्शन्स, मग १६, मग लॉग्स, असा तो फोल्डर, शेअरपॉइंट २०१३ वापरत असाल तर १६ च्या जागी १५. नेहमीच्या सेटिंगमध्ये दर ३० मिनिटांनी नवी फाइल तयार होते आणि १४ दिवसांनी जुनी उडते. म्हणजे युजर तीन आठवड्यांनी म्हणाला की "मागे एकदा एरर आला होता बघा", तर तो विषय संपला, पुरावा गेलेला असतो. नोटपॅडमध्ये ती फाइल उघडू नका हो, डोळे फुटतील. मायक्रोसॉफ्टचंच यूएलएस व्ह्यूअर नावाचं फुकट टूल आहे, त्यात फाइल टाका, कोरिलेशन आयडीवर फिल्टर लावा, लाखो ओळींतून तेवढ्या शंभर-दोनशे उरतात. सर्व्हर एकापेक्षा जास्त असतील तर विनंती कुठल्या सर्व्हरवर गेली होती ते विनंत्या वाटणाऱ्या लोड बॅलन्सरलाच ठाऊक, तेव्हा पॉवरशेलमध्ये (विंडोजची कमांड लिहायची खिडकी) मर्ज-एसपीलॉगफाइल ही कमांड आहे, तिला आयडी आणि वेळ दिली की सगळ्या सर्व्हरवरच्या त्या आयडीच्या ओळी एका फाइलमध्ये आणून देते. वेळ नक्की द्या, नाहीतर ती फक्त शेवटच्या तासाभराचे लॉग चाळते आणि त्याआधीचा एरर सापडतच नाही.

आणि वाचायचं कसं? लोक शेवटची ओळ वाचतात. शेवटून नाही, वरून वाचा. लेव्हलच्या कॉलममध्ये पहिला "अनएक्स्पेक्टेड" किंवा "क्रिटिकल" कुठे येतो ते बघा, त्यानंतरचं बहुतेक रडगाणं त्या पहिल्यामुळेच असतं.

एक उदाहरण देतो. एका ठिकाणी तक्रार आली की फाइल अपलोड होत नाही. पण जुन्या फाइल उघडत होत्या, पानं उघडत होती, सर्च चालत होता. इथेच खरं तर अर्धं उत्तर होतं, वाचता येतंय पण लिहिता येत नाहीये, पण घाईत ते लक्षात येत नाही. मी सवयीप्रमाणे आयआयएस रीसेट केलं, काही फरक नाही. सर्व्हर रीस्टार्ट, फरक नाही. दीड तास असाच गेला. मग झक मारत आयडी घेऊन लॉग उघडला तर वरून साधारण चाळिसाव्या ओळीत एसक्यूएलचं एक्सेप्शन स्वच्छ लिहिलेलं, की अमुक डेटाबेसचा ट्रान्झॅक्शन लॉग (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी फाइल) भरलाय, कारण लॉगचा बॅकअप झालेला नाही. म्हणजे डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलमध्ये होता, ज्यात लॉगचा बॅकअप घेतल्याशिवाय त्यातली जागा मोकळी होत नाही, डेटाबेसचा बॅकअप रोज होत होता पण ट्रान्झॅक्शन लॉगचा बॅकअप कोणी लावलेलाच नव्हता, तो फुगत फुगत पूर्ण डिस्क खाऊन बसला. लॉगचा बॅकअप घेतला, अपलोड सुरू. शेअरपॉइंटला हात लावायची गरजच नव्हती. मी दीड तास निर्दोष माणसाला बडवत होतो.

लॉगबद्दल एक गोष्ट माझ्याच अंगाशी आलेली, तीही सांगून टाकतो. जास्त माहिती हवी असेल तर लॉगिंग व्हर्बोजवर टाकता येतं, म्हणजे शेअरपॉइंट अगदी बारीकसारीक सगळं लिहायला लागतं. एरर परत घडवायचा, लॉग घ्यायचा आणि लगेच क्लिअर-एसपीलॉगलेव्हल चालवून मूळ पदावर आणायचं, हा नियम. मी शुक्रवारी संध्याकाळी व्हर्बोज लावलं आणि घरी गेलो. सोमवारी सी ड्राइव्ह शून्य बाइट. लॉग फोल्डर सी ड्राइव्हवरच ठेवायची आळशी पद्धत तेव्हापासून बंद केली, वेगळी ड्राइव्ह द्या आणि लॉग किती जीबीपर्यंत वाढू द्यायचा याची मर्यादा सेंट्रल ॲडमिनमध्ये, म्हणजे शेअरपॉइंटच्या सेटिंगच्या साइटवर, घालून ठेवा.

आता समजा स्क्रीनवर आयडीच दिसत नाहीये, पान नुसतंच हळू आहे किंवा अर्धवट उघडतंय. तेव्हा ब्राउझरमध्ये एफ१२ दाबा, नेटवर्कच्या टॅबवर जा, पान रीफ्रेश करा आणि पहिल्या विनंतीचे रिस्पॉन्स हेडर, म्हणजे उत्तरासोबत येणारी छुपी माहिती, बघा. एसपीरिक्वेस्टगाइड नावाच्या हेडरमध्ये तोच कोरिलेशन आयडी असतो, एरर आला नसला तरी. एसपीरिक्वेस्टड्युरेशनमध्ये सर्व्हरला पान बनवायला किती मिलिसेकंद लागले ते असतं. हे मला फार आवडतं, कारण यावर एक कायमचा वाद मिटतो. युजर म्हणतो पान १२ सेकंद घेतं, हेडर म्हणतो सर्व्हरने ३०० मिलिसेकंदात काम संपवलं, मग उरलेला वेळ नेटवर्कमध्ये नाहीतर त्या पानावर कुणीतरी चिकटवलेल्या अवाढव्य फोटोंमध्ये गेलाय, सर्व्हरमध्ये नाही. शिवाय एक्स-शेअरपॉइंटहेल्थस्कोर असतो, ० ते १० मधला आकडा, ० म्हणजे सर्व्हर निवांत, १० कडे जायला लागला की तो धापा टाकतोय. ब्राउझरबाहेरच्या गोष्टी, म्हणजे एक्सेल किंवा सिंक करणारं ॲप काय बोलतंय हे बघायचं असेल तर फिडलर नावाचं टूल वापरा, तेच काम जास्त खोलात करतं.

रोज सकाळी पहिल्याच माणसाला पान उघडायला मिनिटभर लागतं आणि मग दिवसभर सगळं मस्त, ही तक्रार आली तर घाबरू नका. ॲप पूल, म्हणजे ज्यात साइटचा कोड चालतो ती प्रोसेस, रात्री बंद होऊन नव्याने सुरू (रीसायकल) होतो, सकाळी पहिल्या विनंतीला सगळा कोड नव्याने लोड आणि कंपाइल होतो, तो वेळ पहिल्या बिचाऱ्याच्या नशिबी येतो. पहाटे एक छोटी स्क्रिप्ट लावून महत्त्वाची पानं एकदा उघडून घ्यायची, काम झालं.

मग येतो सगळ्यांचा लाडका ५०००. लिस्टमध्ये ५००० च्या वर आयटम गेले की एक दिवस अचानक व्ह्यू, म्हणजे लिस्ट दाखवणारं पान, उघडत नाही आणि थ्रेशोल्ड ओलांडला असा मेसेज येतो. युजरला वाटतं लिस्ट भरली. लिस्ट भरलेली नसते, एका लिस्टमध्ये ३ कोटी आयटम बसतात. अडचण वेगळीच आहे. एका कंटेंट डेटाबेसमधल्या सगळ्या साइटांच्या सगळ्या लिस्टांचे आयटम एकाच मोठ्या टेबलमध्ये पडलेले असतात, आणि एसक्यूएल सर्व्हरची पद्धत अशी की एका क्वेरीसाठी एकेक ओळ लॉक करताना ती संख्या साधारण ५००० च्या आसपास गेली की तो म्हणतो मरू दे, अख्खं टेबलच लॉक करतो. म्हणजे तुमच्या एका लिस्टच्या व्ह्यूपायी बाकी सगळ्या विभागांची कामं खोळंबणार. ते होऊ नये म्हणून शेअरपॉइंट आधीच दार लावून घेतो. आणि इथे बरेच जण फसतात, व्ह्यूमध्ये एका पानावर ३० आयटम दाखवायचे असं सेट करून उपयोग नाही, मोजलं जातं ते दाखवायचं किती हे नाही, ते शोधायला किती ओळी चाळाव्या लागल्या हे. उपाय म्हणजे ज्या कॉलमवर फिल्टर लावताय त्याला इंडेक्स करा, आणि तो पहिला फिल्टर असा पाहिजे की त्याने संख्या ५००० च्या खाली आली पाहिजे. "स्टेटस बरोबर ओपन" चालेल जर ओपन थोडे असतील तर, "स्टेटस बरोबर क्लोज्ड" ला इंडेक्स असूनही तोच एरर येईल कारण क्लोज्डच ४०००० आहेत. स्वतःच्या सर्व्हरवर असाल तर ही मर्यादा वाढवता येते, पण वाढवू नका. त्यापेक्षा रात्रीची ठरावीक वेळ मोकळी ठेवायची सोय आहे, त्या वेळात मोठ्या क्वेरी चालतात, इंडेक्स तेव्हा तयार करून घ्या. शेअरपॉइंट ऑनलाइनवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, मर्यादा वाढवायचा प्रश्नच नाही.

अजून एक अशी भानगड जिने नव्या ॲडमिनचे दोन दिवस तरी खाल्लेत. साइट सगळ्यांच्या मशीनवर उघडते, फक्त सर्व्हरवर बसून उघडली की पासवर्ड विचारते, तीन वेळा बरोबर पासवर्ड देऊनही मग ४०१ (परवानगी नाही) किंवा कोरं पान. परवानग्या तपासा, अकाउंट तपासा, सगळं ठीक. हा विंडोजचा लूपबॅक चेक आहे, मशीनने स्वतःलाच स्वतःच्या नावाऐवजी दुसऱ्या नावाने हाक मारून लॉगिन करायला घेतलं की विंडोज संशयाने अडवतो. नुसतं तेवढंच असतं तर सोडून दिलं असतं, पण सर्चचा क्रॉलर त्याच सर्व्हरवरून तीच साइट वाचायला जातो आणि त्यालाही हाकललं जातं, म्हणून तक्रार येते ती "सर्चमध्ये काहीच सापडत नाही" अशी, आणि आपण सर्च खोदत बसतो. रजिस्ट्रीत बॅककनेक्शनहोस्टनेम्स नावाच्या नोंदीत आपल्या साइटची नावं टाकायची. लूपबॅक चेक पूर्णच बंद करायचा सोपा मार्गही लोक सांगतात, तो टेस्ट सर्व्हरवर ठीक, खऱ्यावर नको.

टायमर जॉब अडकले, सोल्यूशन (शेअरपॉइंटमध्ये घातलेला वेगळा कोड) डिप्लॉय होताना "डिप्लॉयिंग" वरच तासभर लटकलं, किंवा एका सर्व्हरवर बदल दिसतो आणि दुसऱ्यावर नाही, असं काही झालं की बहुतेक वेळा कॉन्फिगरेशन कॅश, म्हणजे प्रत्येक सर्व्हरवर ठेवलेली सेटिंगची प्रत, बिघडलेली असते. टायमर सर्व्हिस थांबवा, प्रोग्रॅमडेटामध्ये मायक्रोसॉफ्ट, शेअरपॉइंट, कॉन्फिग आणि त्यात तो लांब नावाचा फोल्डर, तिथल्या एक्सएमएल फाइल उडवा. फक्त एक्सएमएल. फोल्डर उडवायचा नाही आणि कॅश डॉट आयएनआय नावाची फाइल तर अजिबात नाही, ती उघडून आतला आकडा १ करायचा आणि सेव्ह करायची. टायमर सर्व्हिस चालू करा, एक्सएमएल परत भरायला लागतात आणि तो आकडा वाढत जातो, वाढला म्हणजे जमलं. सर्व्हर जितके असतील तितक्यांवर हे करायचं, एक राहिला तर सगळी मेहनत वाया.

टूलं अजून बरीच आहेत पण रोज लागतात ती मोजकीच. फाइलवर किंवा रजिस्ट्रीवर "ॲक्सेस डिनाइड" आला आणि कुठल्या फाइलवर हे सांगत नसेल तर प्रोसेस मॉनिटर, तो नेमकी फाइल आणि नेमकं अकाउंट दाखवतो. डब्ल्यू३डब्ल्यूपी अडकून पडत असेल तर डीबगडायग. कर्बेरॉस (विंडोजची एक लॉगिन पद्धत) लावलंय आणि काही जणांनाच पासवर्ड विचारतोय तर सेटएसपीएन हायफन एक्स चालवा, एकच नाव दोन अकाउंटांना लावलेलं असेल तर लगेच उघडं पडतं. एसक्यूएलपर्यंत पोचतोय का हे बघायला टेस्ट-नेटकनेक्शनने १४३३ पोर्ट तपासा, फायरवॉलवाले "आम्ही काही बदललं नाही" म्हणाले तरी तपासा. आणि डेटाबेस दुसऱ्या फार्ममध्ये (शेअरपॉइंट सर्व्हरांच्या गटात) न्यायच्या आधी टेस्ट-एसपीकंटेंटडेटाबेस, कुठलं फीचर आणि कुठला वेब पार्ट गायब आहे याची यादी आधीच हातात येते. एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही, थेट एसक्यूएलमध्ये जाऊन शेअरपॉइंटच्या टेबलमध्ये बदल. मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट तिथेच संपतो.

पॅचचं थोडं सांगतो कारण यात अर्धवट काम करणारे खूप आहेत. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अपडेट येतात, लोक ते इन्स्टॉल करतात, सर्व्हर रीस्टार्ट करतात आणि झालं असं समजतात. झालेलं नसतं, त्याने फक्त फाइल बदलल्या, डेटाबेस अजून जुन्याच आवृत्तीवर आहेत, कॉन्फिगरेशन विझार्ड प्रत्येक सर्व्हरवर चालवल्याशिवाय पॅच पूर्ण होत नाही. जुलै २०२५ मध्ये टूलशेल नावाने गाजलेला हल्ला आठवत असेल, सीव्हीई-२०२५-५३७७०, फक्त स्वतःच्या सर्व्हरवरच्या शेअरपॉइंटला लागू, ऑनलाइनला नाही. त्यात हल्लेखोर सर्व्हरच्या मशीन की, म्हणजे सर्व्हरच्या गुप्त किल्ल्या, चोरून नेत होते, म्हणजे तुम्ही नंतर पॅच मारला तरी किल्ली त्यांच्याकडे शिल्लक. म्हणून पॅचनंतर मशीन की बदलून आयआयएस रीस्टार्ट करायला सांगितलं होतं, आणि तेवढंच नेमकं बऱ्याच जणांनी वाचलं नाही. २०१६ आणि २०१९ च्या सपोर्टची शेवटची तारीख १४ जुलै २०२६ आहे, त्यापुढे स्वतःच्या सर्व्हरवरच राहायचं असेल तर सबस्क्रिप्शन एडिशन.

ऑनलाइनवाल्यांना वाटेल यातलं आम्हाला काय. खरंय, तिथे यूएलएस लॉग आपल्याला दिसत नाही, सर्व्हर आपला नाही. पण आयडी तिथेही घ्यायचाच, कारण सपोर्टला तिकीट टाकताना आयडी आणि अचूक वेळ टाइमझोनसकट दिली नाही तर पहिले दोन दिवस तेच मागण्यात जातात. तिकिटाच्याही आधी ॲडमिन सेंटरमध्ये सर्व्हिस हेल्थ बघा, मायक्रोसॉफ्टकडेच काही बंद पडलं असेल तर तुम्ही उगाच परवानग्या उपसत बसाल. एखादी स्क्रिप्ट मध्येच ४२९ देऊन मरत असेल तर तुम्ही फार भराभर विनंत्या करताय, उत्तरात रिट्राय-आफ्टर म्हणून किती सेकंद थांबायचं ते लिहिलेलं असतं, तेवढं थांबा, लगेच परत परत हाणलं तर अजून वाढवून मिळतं. रोजच्या कामाला पीएनपी पॉवरशेल हा शेअरपॉइंटच्या कमांडचा संच छान आहे, फक्त सप्टेंबर २०२४ पासून त्याचं सगळ्यांसाठीचं सामायिक ॲप बंद झालंय, आपलं स्वतःचं ॲप एन्ट्रामध्ये (मायक्रोसॉफ्टच्या लॉगिन व्यवस्थेत) नोंदवावं लागतं, त्यामुळे नेटवरचे जुने नमुने जसेच्या तसे चालत नाहीत आणि लोकांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

आणि "माझी फाइल गायब झाली" ही तक्रार. ही बहुतेक वेळा एररच नसते, कुणीतरी सिंक केलेला फोल्डर आपल्या लॅपटॉपवरून जागा करायला म्हणून डिलीट केलेला असतो आणि तो सगळ्यांचाच जातो. आधी साइटच्या रीसायकल बिनमध्ये बघा, तिथे नसेल तर साइट कलेक्शन ॲडमिनला दिसणाऱ्या दुसऱ्या बिनमध्ये. ऑनलाइनवर दोन्ही मिळून ९३ दिवस, मोजणी मूळ डिलीट केल्याच्या दिवसापासून, दुसऱ्या बिनमध्ये गेल्यावर घड्याळ नव्याने सुरू होत नाही. स्वतःच्या सर्व्हरवर नेहमीच्या सेटिंगला ३० दिवस. कुणी डिलीट केली ते त्याच यादीत नाव आणि तारखेसकट दिसतं, आणि बऱ्याचदा ते नाव तक्रार करणाऱ्याचंच निघतं. तेव्हा मी फक्त रिस्टोअर दाबतो आणि "झालं, बघा आता" एवढंच लिहून पाठवतो.